दुसऱ्या देशातल्या वर्गाशी आपला वर्ग जोडायचा आहे? नागपूरच्या शिक्षकांसाठी पहिल्या वर्षाची वाट

शाळा उघडून दोन-चार आठवडे झाले की ओळखीच्या शिक्षकांचे फोन सुरू होतात. "मॅडम, आमच्याही पोरांना बाहेरच्या देशातल्या मुलांशी बोलायचं आहे जी. व्हिडिओ कॉल लावायला काय काय लागते?" मी प्रत्येकाला एकच सांगते. कॉल सगळ्यात शेवटी ठेवा. आधी दोन्ही वर्गांनी मिळून करायचं एक छोटं काम ठरवा.

कॉल आधी लावला की काय होतं, हे बहुतेकांनी पाहिलं आहे. चाळीस मुलं एका टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसतात, तिकडून हात हलतात, इकडून हात हलतात. इंग्रजी बरं असलेली तीन-चार मुलं पुढे येऊन पाठ केलेली वाक्यं म्हणतात, मध्येच आवाज जातो आणि तास संपतो. मुलं खूश असतात, फोटोही छान येतात, पण दुसऱ्या दिवशी विचारावं तर तिकडच्या एकाही मुलाचं नाव कुणाला आठवत नाही. तेच दोन्ही वर्गांनी महिनाभर एकाच गोष्टीवर काम केलेलं असेल, तर कॉलवर बोलायला खरोखर काहीतरी असतं. "तुमची सावली कुठल्या बाजूला पडली?" असं सातवीतला मुलगा विचारतो, तेव्हा त्याला उत्तर हवं असतं. एरवी कधी बोट वर न करणारी मुलंही मग खुर्ची पुढे ओढून बसतात.

यासाठी मोठी इंग्रजी शाळा लागते, हा समज आधी मनातून काढा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला, आणि हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं त्यांचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांना ऑनलाइन एकत्र आणून, सलग काही आठवडे बोलतं ठेवण्याचा त्यांचा उपक्रम मात्र कमी लोकांना माहीत आहे. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्या शाळेत जे होऊ शकलं, ते आपल्या हुडकेश्वरच्या, कामठीच्या किंवा उमरेडच्या शाळेत न होण्याचं काही कारण नाही.

पहिली पायरी: वर्ग निवडा आणि मुलांचे प्रश्न गोळा करा

पहिल्या वर्षी एकच वर्ग घ्या. पाचवी ते सातवी हे वय उत्तम. वाचता-लिहिता येतं, लाज अजून फार आलेली नसते आणि दहावीची टांगती तलवारही नसते.

वर्गात खोक्याची एक पेटी ठेवा आणि आठवडाभर मुलांना चिठ्ठ्या टाकू द्या: दूरच्या मुलांना काय विचारायचं आहे? ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहू द्या. "तिकडच्या पोरांले गृहपाठ भेटते का?", "तुमच्याकडे उन्हाळ्यात कूलर लावते का?", "तुमची आई रागावली तर काय म्हणते?" असे प्रश्न निघतात, आणि हेच तुमचं खरं भांडवल आहे. "तुमचा राष्ट्रीय सण कोणता" या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात असतं. आई रागावल्यावर काय म्हणते, ते फक्त त्या मुलालाच सांगता येतं. पेटीतल्या चिठ्ठ्या जपून ठेवा, वर्षभर पुरतात.

दुसरी पायरी: परवानगी आणि पालक

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण जोडीदार वर्ग शोधायच्या आधीच तो उरका. मुख्याध्यापकांना एक पानी अर्ज द्या. त्यात वर्ग कोणता, काम काय, किती महिने, कोणती साधनं आणि मुलांची कोणती माहिती बाहेर जाणार, एवढंच असावं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडून तो इतिवृत्तात नोंदवून घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर केंद्रप्रमुखांना लेखी कळवा. महापालिकेच्या किंवा खासगी अनुदानित शाळेत असाल तर तिथल्या रीतीप्रमाणे वरपर्यंत कागद जाऊ द्या.

पालकांचं संमतिपत्र मराठीतच हवं, आणि ते पालकसभेत मोठ्यानं वाचून दाखवा. नुसता कागद दप्तरात पाठवला तर सही होऊन येते, पण पालकांना काहीच कळलेलं नसतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे, आणि त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते असं म्हटलं आहे. संमतिपत्रात फोटो, आवाज आणि व्हिडिओ यांसाठी वेगवेगळे रकाने ठेवा. एखाद्या आईला मुलीचा आवाज चालतो, चेहरा नको असतो. त्या मुलीला बाजूला बसवू नका. ती प्रश्न लिहील, मोजमाप घेईल, आवाज देईल.

नियम थोडेच ठेवा, पण ते मोडू देऊ नका:

- मुलाचं फक्त पहिलं नाव बाहेर जाईल. आडनाव, पत्ता, फोन नंबर, घराचा किंवा ऑटोच्या थांब्याचा फोटो जाणार नाही. गणवेशावरचं शाळेचं नावही चौकटीबाहेर राहील असा फोटो काढायचा.
- सगळी देवाणघेवाण दोन शिक्षकांमधूनच होईल. मुलांनी एकमेकांचे खासगी नंबर किंवा इन्स्टाची नावं घ्यायची नाहीत.
- तिकडच्या मुलांचे फोटो आपल्या स्टेटसवर, शाळेच्या फेसबुक पानावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे नाहीत, तिकडच्या शिक्षकांनी लेखी हो म्हटल्याशिवाय तर नाहीच.

व्हॉट्सॲपसाठी किमान वय १३ आहे. त्यामुळे पाचवी-सहावीच्या मुलांचा ग्रुप काढायचा प्रश्नच येत नाही. मुलाला काही खटकलं, कुणी काही विचित्र विचारलं, तर ते लगेच सरांना किंवा मॅडमना सांगायचं, आणि सांगितल्याबद्दल कुणी रागावणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवला तर आणखी चांगलं.

तिसरी पायरी: जोडीदार वर्ग शोधणं

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथेच अडखळतो. सुरुवात ओळखीतून करा. निदान एक माणूस परदेशात नसलेली गल्ली नागपुरात आता क्वचितच सापडेल. माजी विद्यार्थी, त्यांची बहीण, शेजाऱ्यांचा मुलगा, यांच्यापैकी कुणाची तरी मुलं तिकडच्या शाळेत शिकत असतात. त्या मुलांच्या वर्गशिक्षिकेपर्यंत पोहोचणं हा अनोळखी संकेतस्थळावर नाव नोंदवण्यापेक्षा खात्रीचा मार्ग आहे, कारण मध्ये ओळखीचं माणूस असतं. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात. तिथली मुलं मराठी शिकतात, म्हणून आपल्या मुलांचं मराठी त्यांना हवंच असतं.

दुसरा मार्ग जुन्या, नावाजलेल्या जाळ्यांचा. आय-अर्न हे शिक्षकांचं जाळं १९८८ मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा जोडण्यापासून सुरू झालं, आणि त्याचं भारतातलं काम पुण्यातून चालत आलं आहे. तिथे आधी प्रकल्प असतो आणि मग जोडीदार, म्हणून मला ते पटतं. जुन्या लेखांत 'स्काइप इन द क्लासरूम' आणि 'फ्लिप' (मुलांनी छोटे व्हिडिओ टाकायचं ॲप) यांची नावं सापडतील, त्यांच्या मागे लागू नका. फ्लिपचं स्वतंत्र ॲप २०२४ मध्ये बंद झालं आणि स्काइप मे २०२५ मध्ये. म्हणूनच मुलांचं काम कुठल्याही ॲपमध्ये साठवून विसरू नका, त्याची एक प्रत शाळेच्या पेनड्राइव्हवर ठेवा.

मॉरिशसचा विचार तर नक्की करा. गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले, मजूर म्हणून कोकणातून तिथे गेलेल्या कुटुंबांची पुढची पिढी आजही स्वतःला मराठी म्हणवते. तिथल्या शाळांत मराठी हा विषय शिकवला जातो आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. एरवी तिथली मुलं क्रिओल, फ्रेंच, इंग्रजीत वावरतात. आपल्या मुलांना "तेही मराठी आणि आम्हीही मराठी, पण किती वेगळे" हा अनुभव येतो, तो पुस्तकातून येत नाही. शिवाय त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे आहे.

दूरची संस्कृती म्हणजे परदेशच, असंही नाही. गडचिरोलीच्या गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या आश्रमशाळेशी किंवा मेळघाटातल्या कोरकू मुलांच्या शाळेशी वर्ग जोडणं मला तितकंच मोलाचं वाटतं. नागपूर शहर वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं, पण शहरातल्या महाल भागात वाढणाऱ्या मुलानं गोंडीतलं एक वाक्यही ऐकलेलं नसतं. तिथे नेट कच्चं असेल तर आवाजी निरोपांवर काम भागतं. केंद्र सरकारच्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी आहे. त्या नावाखाली ओडिशातल्या शाळेला पत्र लिहिलं तर परवानगीचा कागदही सोपा जातो.

पहिलं पत्र छोटं असू द्या. तुमचा वर्ग, मुलांचं वय, पट, शाळेची वेळ, कोणत्या महिन्यात काम करायचं आहे, करायचं एक ठराविक काम, आणि तुमच्याकडे काय साधन आहे ("एक टीव्ही, माझा फोन, बरं नेट") एवढं प्रामाणिकपणे लिहा. "आमच्या समृद्ध संस्कृतीची ओळख करून देण्याची इच्छा आहे" अशा पत्राला उत्तर येत नाही. "२२ सप्टेंबरच्या आठवड्यात दोघांनी दुपारची सावली मोजायची का?" या पत्राला येतं. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, आणि मग दुसऱ्या शाळेकडे वळा.

चौथी पायरी: घड्याळ आणि सुट्ट्या जुळवा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्या वेळी युरोपातल्या बऱ्याच शाळा उन्हाळी सुट्टीच्या उंबरठ्यावर असतात. जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत तिथे सुट्टी असते. मॉरिशसचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि दिवाळीनंतर ते गुंडाळत आलेलं असतं. सगळं मांडून पाहिलं तर ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबर हा काळ बहुतेकांना जमतो. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ वगळून जानेवारी-फेब्रुवारी हा दुसरा पर्याय.

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. सकाळपाळीची शाळा असेल तर आपल्या आठला तिकडे साडेअकरा वाजलेले असतात, म्हणजे छान जमतं. दुपारपाळीला मात्र अवघड आहे, आपण राष्ट्रगीत म्हणून बसेपर्यंत तिकडची मुलं घरी निघण्याच्या बेतात असतात. इंग्लंड आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ बदलतं, आपलं बदलत नाही. त्या सोमवारी ठरलेला कॉल हमखास चुकतो, म्हणून वेळ नेहमी दोन्ही गावांच्या घड्याळात लिहा: "नागपूर दुपारी ३, लंडन सकाळी ९.३०". अमेरिकेशी शाळेच्या वेळेत थेट बोलणं जमत नाही, पण निरोप आणि फोटो पाठवायला घड्याळ आडवं येत नाही.

पाचवी पायरी: एक काम निवडा

काम असं हवं की दोन्हीकडची माहिती एकत्र आल्याशिवाय ते पूर्णच होणार नाही. माझं सगळ्यात आवडतं काम सावलीचं आहे, म्हणून ते नीट सांगते.

२२-२३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर असतो. त्या दिवशी शाळेच्या मैदानात १ मीटर लांबीची सरळ काठी उभी करा. ती ओळंब्यात आहे ना, हे दोऱ्याला दगड बांधून तपासा. सकाळी ११.५० पासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूनं खूण करा आणि लांबी मोजून वहीत लिहा. सावली आखडत जाते, मग पुन्हा लांबू लागते. सगळ्यात आखूड सावली म्हणजे आपल्या गावाची खरी मध्यान्ह. नागपुरात ती घड्याळाच्या बाराला येत नाही, पाच-सात मिनिटं पुढे येते. इथेच पहिला प्रश्न उठतो: "मॅडम, घड्याळ चुकलं का?" प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि आपण ७९ अंशांवर आहोत, हे भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य त्या क्षणी मैदानात उभं राहतं. हुशार मूल पुढे विचारेल की या फरकाची तर चौदा मिनिटं होतात, मग बाकीची कुठे गेली. सूर्याचं घड्याळ वर्षभर एका चालीनं चालत नाही, सप्टेंबरअखेर ते सात-आठ मिनिटं पुढे असतं, असं त्याला सांगा.

नागपूर २१ अंश उत्तरेला आहे, म्हणून १ मीटर काठीची सावली साधारण ३९ सेंटिमीटर भरते आणि ती उत्तरेकडे पडते. मॉरिशस २० अंश दक्षिणेला आहे. तिथे सावली भरते साधारण ३७ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास तेवढीच, पण पडते दक्षिणेकडे! दोन्हीकडचे फोटो, प्रत्येकात होकायंत्र ठेवलेलं, शेजारी शेजारी लावले की वर्गात जो गलका होतो तो मला फार प्रिय आहे. लंडनची शाळा असेल तर तिथली सावली काठीपेक्षाही लांब निघते, सव्वा मीटरच्या आसपास.

पुढचं गणित सातवीला झेपतं. काठी आणि सावलीचा काटकोन त्रिकोण वहीत प्रमाणात काढा आणि काठीच्या टोकाशी होणारा कोन कोनमापकानं मोजा. इकडे २१, तिकडे २०. सूर्य दोन्ही गावांच्या मधल्या रेषेवर आहे, म्हणून बेरीज: ४१ अंश. आता नागपूरच्या अक्षांशापासून मॉरिशसच्या अक्षांशापर्यंतचं सरळ उत्तर-दक्षिण अंतर गूगल अर्थच्या पट्टीनं मोजा, ते सुमारे ४६०० किलोमीटर येतं. ४१ अंशांना ४६००, तर ३६० अंशांना किती? उत्तर ४०,००० किलोमीटरच्या आसपास येतं, आणि तोच पृथ्वीचा परीघ. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीसनं इजिप्तमध्ये याच युक्तीनं परीघ काढला होता. आपल्या मुलांनी तो एका अनोळखी वर्गाच्या भरवशावर काढलेला असतो. तिकडच्या मुलांनी नीट मोजलं नसतं तर आपलं उत्तर चुकलं असतं, हे त्यांना कळतं. मला या सगळ्या खटाटोपात हेच हवं असतं.

ढग आले तर घाबरू नका, २० ते २५ सप्टेंबरमधला कोणताही दिवस चालतो, फक्त दोघांनी एकच दिवस धरायचा. नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचे दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यात असतात. मेमध्ये सुट्टी आणि जुलैत ढग, म्हणून त्या नादी लागू नका. काठी-सावलीची तालीम करायची असेल तर रमण विज्ञान केंद्राच्या सहलीला जोडून करता येते.

दुसरं काम संत्र्याचं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जपानी मुलांकडे मिकान असतं, तेही हातानं सोललं जाणारं, संत्र्याच्याच गोत्रातलं. दोन्ही वर्गांत प्रत्येक मुलानं एक फळ सोलायचं, फोडी आणि बिया मोजायच्या आणि स्तंभालेख काढायचा. फोडींचे आकडे बरेच जुळतात. बियांचे जुळत नाहीत, कारण मिकानमध्ये बिया जवळपास नसतातच, आणि मग "बी नाही तर झाड कसं लावते?" हा प्रश्न कलम शिकवायला पुरतो. जपानशी नागपूरच्या मुलांचं एक नातं आधीच आहे. कामठीचं ड्रॅगन पॅलेस बहुतेकांनी पाहिलेलं असतं आणि दीक्षाभूमीवर जपानी पाहुणेही. कामठीत एवढं मोठं बुद्धविहार जपानच्या मदतीनं कसं उभं राहिलं, हे मुलांनी घरी विचारून लिहावं. ते लिखाण तिकडच्या मुलांनाही वाचायला आवडेल.

तिसरं काम सणाचं, आणि इथे थोडं सांभाळा. लेझीम आणि नऊवारीचा कार्यक्रम बसवून त्याचा व्हिडिओ पाठवला की मुलं कलाकार होतात आणि तिकडची मुलं प्रेक्षक. त्यातून ओळख होत नाही. त्याऐवजी मारबत, म्हणजे नागपूरची पुतळ्यांची मिरवणूक, घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मुलं लाकडी बैल घेऊन फिरत असतात आणि इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत निघते. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा गजर होतो आणि त्या वर्षीच्या प्रश्नांवरचे बडगे, म्हणजे चेष्टेचे पुतळे, मिरवतात. हे सगळं सांगून झालं की तिकडच्या वर्गाला एकच विचारायचं: तुमच्या गावातून या वर्षी कोणती पीडा हाकलायची? त्यांनी त्यांचा बडग्या कागदावर काढायचा, आपण आपला. प्लॅस्टिक, महागाई, शाळेजवळचा उघडा नाला, मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेले बाबा, असं बरंच काही येतं. माझ्या वर्गातल्या एका अबोल मुलीनं मारबतीचा गजर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवला होता. उत्तरादाखल तिकडच्या मुलांनी तोच गजर आपल्या जिभेनं म्हणून पाठवला, तेव्हा तिनं तो मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला पुन्हा पुन्हा ऐकवला.

सहावी पायरी: पाठवण्याची साधनं

जितकी कमी साधनं, तितकं काम टिकतं. दोन शिक्षकांमध्ये ईमेल आणि गूगल ड्राइव्हवरचं एक सामायिक फोल्डर, एवढ्यावर वर्ष निघतं. मुलांच्या चित्रांची भिंत हवी असेल तर पॅडलेट वापरा, पण तिला पासवर्ड लावा. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर वहीतले आकडे पुसट होतात.

आवाज रेकॉर्ड करताना पंखा बंद करा, खिडकी लावा, फोन तोंडापासून वीतभर लांब धरा. एका निरोपात एकच मूल, एकच मिनिट. फाइलला नाव द्या: तारीख, मुलाचं पहिलं नाव, विषय. ही सवय लावली नाही तर डिसेंबरपर्यंत फोल्डरचा उकिरडा होतो.

टपालानं एक पाकीटही जाऊ द्या. संत्र्याच्या बिया किंवा धान्य घालू नका, दुसऱ्या देशाच्या सीमेवर ते अडकतं. चित्रं, मेट्रोचं जुनं तिकीट, झिरो माइलच्या दगडाचं मुलांनी काढलेलं चित्र चालतं. पोहोचायला आठवडे लागतात, आणि मुलांना ते वाट पाहणंही आवडतं.

भाषेचं काय?

"आमच्या पोरांचं इंग्रजी कच्चं आहे" ही भीती शिक्षकांची जास्त असते, मुलांची कमी. मुलांना आधी मराठीत विचार करू द्या आणि लिहू द्या. मग गटात बसून त्याचं सोप्या इंग्रजीत रूपांतर करा. गूगल ट्रान्सलेट वापरायला हरकत नाही, फक्त भाषांतर पुन्हा उलटं मराठीत करून पाहा. "माझ्या आजीचा हात फार चांगला आहे" हे वाक्य तिकडे गेल्यावर स्वयंपाकाचं राहतं का, हे तपासायला हवं. वाक्य जितकं आखूड, तितकं भाषांतर सरळ येतं.

मूळ मराठी मजकूर आणि आवाजही सोबत पाठवा. तिकडच्या मुलांनी आपली भाषा ऐकली पाहिजे, आणि आपल्या मुलांनी त्यांची. घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला "शुद्ध बोल" म्हणून अडवू नका. तो जसा बोलतो तसाच त्याचा आवाज जाऊ द्या.

सातवी पायरी: आता कॉल

महिना-दीड महिना काम झालं, नावं ओळखीची झाली, की कॉल लावा. गूगल मीटवर मोफत खात्यात तीन किंवा अधिक जण जोडलेले असतील तर ६० मिनिटं मिळतात, झूमवर ४०. दोन वर्गांना ३० मिनिटं भरपूर होतात.

दोन्ही शिक्षकांनी आदल्या दिवशी, त्याच खोलीतून, त्याच वायरी लावून दहा मिनिटांची तालीम करा. लॅपटॉप टीव्हीला एचडीएमआय केबलनं जोडा. माइक एकच सुरू ठेवा, दोन फोन एकाच खोलीत जोडले की आवाज घुमतो. कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा आणि खिडकी त्याच्या मागे, मुलांच्या मागे नको, नाहीतर सगळे काळे दिसतात. हॉटस्पॉटसाठी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला आणखी एक फोन भारून ठेवा. कूलर असेल तर अर्धा तास बंद. मुलं घामाघूम होतील, पण त्या घरघरीत पलीकडे काहीच ऐकू जात नाही.

लॅपटॉपजवळ एक खुर्ची ठेवा. ज्याला बोलायचं तो खुर्चीवर येऊन बसेल, बाकीचे मागे. गळ्यात मोठ्या अक्षरांत पहिलं नाव. पेटीतल्या चिठ्ठ्यांतून दहा प्रश्न निवडा आणि प्रत्येक प्रश्न विचारणारं मूल आधीच ठरवा. त्यात गप्प बसणारी मुलं मुद्दाम घ्या. पाच मिनिटं मोकळी सोडा, सगळ्यात चांगलं तेव्हाच घडतं. नेट गेलंच तर हातात काम हवं: "आता त्यांना काय विचारायचं राहिलं, ते लिहा." तेवढ्यात तुम्ही पुन्हा जोडता.

तिकडच्या एखाद्या मुलानं "तुमच्याकडे घरं आहेत का?" असं विचारलं तर लगेच दुखावू नका. आपली मुलंही कधी कधी "तिकडचे लोक काय बी खाते" असं म्हणतात. दोन्ही वेळी शिक्षकानं शांतपणे विचारावं: हे तुला कुठून कळलं? मग फोटो दाखवा आणि मुलांनाच उत्तर देऊ द्या. आपल्या वर्गातला असा शेरा मात्र कॉलच्या आधी, आपसात बोलूनच सोडवा.

वर्षाच्या शेवटी

काम मूल्यमापनात धरा. सावलीचं गणित गणितात, पत्रं भाषेत, नकाशा भूगोलात. वेगळा 'उपक्रम' म्हणून ठेवलं तर परीक्षा जवळ आली की सगळ्यात आधी तोच कापला जातो. मुलांच्या दोन वह्या जपून ठेवा, जुलैची आणि मार्चची. जुलैत त्यांनी "मॉरिशसची मुलं" किंवा "जपानची मुलं" याबद्दल काय लिहिलं होतं आणि मार्चमध्ये काय लिहिलं, ते शेजारी ठेवून वाचा. मुख्याध्यापकांनाही तेच दाखवा. फोटोंच्या अल्बमपेक्षा त्यातून जास्त कळतं.

एप्रिलमध्ये सामायिक फोल्डर उघडून मुलांचे चेहरे असलेल्या, आता गरज नसलेल्या फाइली पुसा आणि तिकडच्या शिक्षकांनाही तसं करायला सांगा. संमतिपत्रं शाळेच्या कपाटात ठेवा.

आणि एक शेवटचं काम, जे बदलीच्या धामधुमीत राहून जातं. जोडीदार शाळेचं नाव, तिकडच्या शिक्षकांचा ईमेल, फोल्डरचा पत्ता आणि जमलेली वेळ हे सगळं शाळेच्या उपक्रम नोंदवहीत लिहा, आणि फोल्डरची मालकी शाळेच्या ईमेल खात्याकडे द्या. शाळेतल्या दुसऱ्या एका शिक्षकाला आधीपासून ईमेलच्या प्रतीत ठेवा. तुमची बदली काटोलला झाली किंवा तिकडच्या शिक्षिका दुसऱ्या शाळेत गेल्या, तरी सहावीतून सातवीत गेलेल्या मुलांचं काम जूनअखेर तिथूनच पुढे सुरू करता येतं.